मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींशी चार शब्द

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोललो तसेच उतरवून काढले आहे, कुठे कुठे थोडी डागडुजी केली आहे.)

 

मला विषय दिलाय नोकरीच्या मुलाखतीचा. आता गंमत अशी की मी जन्मात मुलाखत दिलेली नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा डॉक्टरने छाती तपासली, टाईम ऑफिसात कार्ड मिळालं आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर उभा राहिलो. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. मग हा माणूस पदवीधरांना काय शिकवणार, असं तुम्हाला वाटेल. रास्त आहे. पण तीन वर्षं झाली, आपण रविवारी वंदनेनंतर वरच्या खोलीत वर्ग घेतो. तिथं बँकेतून निवृत्त झालेले आपले एक बांधव येतात. ते तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेले आहेत. एका कंपनीत माणसं भरतीच्या खात्यात काम करणारी आपल्याच वस्तीतली मुलगी येते. मी कोपऱ्यात बसून ऐकतो आणि पोरं काय चुका करतात त्या वहीत लिहून ठेवतो. त्या वहीतलं सांगणार आहे.

मुलाखत दिली नाही म्हणालो, पण माझ्या वडिलांनी दिली होती. गिरणीच्या गेटवर, उभ्या उभ्या. मुलाखत घेणारा जॉबर. त्याच्या हातात कुणाला आत घ्यायचं ते असायचं, आणि त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. तो तीन प्रश्न विचारायचा. गाव कुठलं? कुणाच्या ओळखीनं आलास? राहतोस कुठं? बघा, यात काम येतं का हे कुठं विचारलं? पण तीन उत्तरांत माणसाची जात कळायची आणि खातं ठरायचं. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथं आपल्या माणसाला जागा नव्हती. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरल्यावर सूत तोंडानं ओढावं लागे, आणि अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. म्हणून आपली माणसं सूतकताईच्या खात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विणकाम खातं आपल्या कामगारांना खुलं करा ही मागणी लावून धरली ती यासाठी. हा इतिहास सांगतोय तो उगाच नाही. जॉबर गेला, पण त्याचे तीन प्रश्न गेले नाहीत. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी घरची गोष्ट सांगतो. मुलाची परवानगी घेतलेली आहे, तो इथंच कुठंतरी उभा आहे.

माझा मुलगा बी.कॉम. झाला. पहिलीच मुलाखत, एका मोठ्या कंपनीत. घरात इस्त्रीचा शर्ट, आईनं दही-साखर हातावर ठेवली. (हे दही-साखरेचं आपल्याकडं कुठून आलं कोण जाणे, पण आईला कोण बोलणार!) संध्याकाळी आला तो गप्प. झाली ठीक, म्हणाला. नोकरी काही लागली नाही. चार-पाच महिन्यांनी एका रात्री जेवताना त्यानं खरं सांगितलं. साहेबानं विचारलं होतं, वडील काय करतात? हा म्हणाला, टेक्स्टाईलमध्ये सुपरवायझर आहेत. साहेब निघाला कापड व्यवसायातला माहीतगार. त्यानं विचारलं, कुठल्या खात्यात? किती माणसं त्यांच्या हाताखाली? याला घाम फुटला. काहीतरी ठोकून दिलं. त्यापुढचे सगळे प्रश्न हिशेबाचे होते, त्याला येणारे होते, पण जीभच उचलेना. येणारं उत्तरसुद्धा खोट्यासारखं वाटायला लागलं, म्हणाला.

मी त्याला रागावलो नाही. ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला वाईट वाटलं ते त्यानं खोटं सांगितलं म्हणून नाही. गिरणीत साच्यावर उभं राहून ज्याला वाढवलं, त्याला ते काम सांगायची लाज वाटावी, याचं वाटलं. आणि मग मनात आलं, मी तरी त्याला कधी सांगितलं होतं माझं काम काय आहे? घरात आम्ही फक्त पगार, बोनस आणि संप बोलायचो. एकाच वेळी किती साच्यांवर डोळा ठेवावा लागतो, तुटलेला धागा कानानं कसा ओळखावा, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं. लाज थोडी माझ्यातही असणार. म्हणून आईबापांनाही सांगतो, घरी आपल्या कामाबद्दल बोला.

आता प्रश्नांकडे येतो.

पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असतो, स्वतःबद्दल सांगा. आमच्या वर्गात दहातली आठ पोरं सुरू करतात, मायसेल्फ अमुक अमुक. बाबांनो, मायसेल्फ म्हणू नका. माय नेम इज म्हणा, आय ॲम म्हणा. खरं तर नाव त्यांच्या समोरच्या कागदावर लिहिलेलंच आहे. मग पोरगं जन्मतारीख, गाव, भाऊ-बहिणी किती, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे असं सगळं धावत्या गाडीसारखं म्हणून टाकतं. बँकवाले बांधव सांगतात, याचा अर्थ एवढाच, की या कामासाठी मी तुझ्याकडे कुठून बघू ते तू सांग. दीड मिनिटात तीन गोष्टी पुरतात. काय शिकलात, त्यातलं काय हातानं करून पाहिलंत, आणि या जागेवर कशासाठी आलात. घड्याळ लावून घरी म्हणा. पण घोकू नका. घोकलेलं मध्येच तुटलं की पोरं पहिल्यापासून सुरू करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा प्रश्न नव्या पदवीधराला हमखास येतो, अनुभव नाही, तुम्हाला का घ्यावं? इथं आपली मुलं मान खाली घालतात. मला याचा राग येतो. वर्गात एक मुलगी होती, कॉमर्सची. विचारलं, काय काम केलंयस? म्हणाली, काहीच नाही काका. म्हटलं, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कुणी ठेवला होता? म्हणाली, मी. ते काम नाही का? मग तिला बोलतं केलं. पावतीपुस्तकं पंधरा पोरांकडे वाटलेली. शेवटी वहीतली जमा जास्त आणि हातातली रोख ५०१ रुपयांनी कमी. मंडळात कुजबुज सुरू झाली, कुणी खाल्ले म्हणून. हिनं दोन रात्री बसून एकेक पावती वहीशी ताडून पाहिली. एकच पावती दोनदा लिहिली गेली होती. पैसे कुणी खाल्ले नव्हते. दुसऱ्या वर्षापासून तिनं पावतीपुस्तकांना क्रमांक टाकून सह्या घेऊन द्यायला सुरुवात केली. आता सांगा, हिशेबनीस हवा असलेल्या माणसाला याहून चांगलं काय ऐकायचं असतं?

तर असं सांगायचं. अडचण काय होती, त्यात तुमच्याकडे काय होतं, तुम्ही काय केलंत, आणि शेवटी काय झालं. आम्ही केलं, आम्ही केलं असं म्हणू नका, तिथं मी म्हणायला शिका. चळवळीत आपल्याला आम्ही म्हणायची सवय लागलेली आहे, ती चांगली आहे, पण त्या खोलीत नोकरी एकालाच द्यायची असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर ज्यांनी पाणी वाटप केलं, धम्म परीक्षेचे पेपर तपासले, लहान पोरांच्या शिकवण्या घेतल्या, टाळेबंदीत २०२० साली घरोघर शिधा पोचवला, त्या सगळ्यांकडे अशी एकेक गोष्ट आहे. ती आधी कागदावर लिहून काढा.

उणीव विचारतात. तुमची कमजोरी काय? याला बाजारात तयार उत्तर मिळतं, मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो, मला काम केल्याशिवाय झोप येत नाही. भरती खात्यातली आपली मुलगी सांगते, दिवसात वीस जणांकडून हेच ऐकतो आणि आतून हसतो. खरी, पण लहान उणीव सांगा, आणि तिच्यावर काय करताय ते सांगा. इंग्रजी बोलताना अडखळतो, म्हणून रोज अर्धा तास पेपर मोठ्यानं वाचतो. हे खरं असेल तरच म्हणा, कारण पुढचा प्रश्न येईल, आज पेपरात काय होतं?

इंग्रजीचा बाऊ करू नका आणि तिच्याकडे पाठही फिरवू नका. सावकाश बोला. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. अडलंच तर परवानगी घेऊन हिंदीत किंवा मराठीत वाक्य पुरं करा. आणि उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हणा. माहीत नसताना पाच मिनिटं बोलणारा माणूस समोरच्याला पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतो.

आमच्याच कंपनीत का, असं विचारतील तेव्हा कंपनी काय बनवते हे तरी माहीत असावं. सगळ्यांच्या हातात फोन आहे, आदल्या रात्री बघा. पाच वर्षांनी कुठं असाल या प्रश्नाला साहेबाच्या खुर्चीकडे बोट दाखवू नका, एवढंच सांगतो. मध्ये दोन-तीन वर्षं रिकामी दिसतात, असं विचारलं तर एमपीएससी करत होतो, वडील आजारी होते, जे असेल ते दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. पगाराच्या वेळी मात्र लाजू नका. वर्षाचा मोठा आकडा सांगतात, त्याला सीटीसी म्हणतात. त्यात मालकानं भरायचा भविष्य निर्वाह निधीसुद्धा धरलेला असतो. म्हणून महिन्याला हातात किती येणार, हे विचारून घ्या. आणि शेवटी ते म्हणतात, तुम्हाला काही विचारायचं आहे? तेव्हा नाही सर म्हणून उठू नका. पहिले तीन महिने मला काय काम असेल, कोण शिकवेल, हे विचारा. मुलींना लग्नाचं विचारतात. हा प्रश्न विचारणं गैर आहे, पण विचारतात. हे काम मी नेटानं करणार आहे, एवढं बोलून पुन्हा कामावर या.

दोन इशारे. नोकरी लावतो म्हणून जो पैसे मागेल त्याच्याकडून उठून यायचं. जॉबरची दस्तुरी ती हीच. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायची.

काही पालक म्हणतात, आमचा मुलगा सरकारी परीक्षेलाच बसणार, त्याला कशाला मुलाखत? अंशतः खरं आहे. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेत लिपिकाला मुलाखत नाही, पण अधिकाऱ्याला आहे. यूपीएससीला २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत. आणि सरकारी जागा किती निघतात आणि अर्ज किती येतात, हे मी सांगायला नको. आपली बहुतेक मुलं शेवटी खाजगी कंपनीच्या दारात उभी राहणार आहेत. तिथं राखीव जागा नाही, तिथं तोंडानंच निभवायचं आहे.

आता जॉबरच्या तीन प्रश्नांकडे येतो.

आजचा साहेब गाव विचारत नाही, तो फॅमिली बॅकग्राऊंड विचारतो. वडील काय करतात, आडनाव कुठलं, राहता कुठं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या दोन अभ्यासकांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशीच बोलून एक लेख लिहिला, तो २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये आला. अधिकारी म्हणाले, आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो. आणि त्याच तोंडानं म्हणाले, घरची पार्श्वभूमी मात्र विचारतो, त्यावरून संस्कार कळतात. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी दाखवून दिलं की शिक्षण तेच, अर्ज तसाच, फक्त आडनाव दलित असलं तर मुलाखतीचं बोलावणं कमी येतं. म्हणजे काही ठिकाणी तुमचं तोंड उघडायच्या आधीच निकाल लागलेला असतो. हे मुलांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. नाहीतर नाकारल्यावर पोरगं स्वतःलाच दोष देत बसतं, मीच कुठं चुकलो म्हणून. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. त्यांच्या उत्तरात काय चूक होती?

वर्गात मी म्हणालो, तरीही खोटं सांगू नका. तेव्हा आपल्या महिला मंडळातल्या एक ताई उभ्या राहिल्या. त्या घरकाम करून दोन मुलं शिकवतात. म्हणाल्या, दादा, खरं सांगून माझ्या पोराची नोकरी गेली तर तुम्ही पगार देणार का? खोलीत शांतता झाली. माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पंधरा दिवस डोक्यात तेच होतं. भन्तेजींना जाऊन विचारलं. त्यांनी मज्झिम निकायातलं अभय राजकुमाराचं सुत्त समजावून सांगितलं. तथागत जे सत्य आहे आणि हिताचं आहे तेच बोलत, आणि तेसुद्धा योग्य वेळ पाहून. म्हणजे खोटं बोलायचं नाही हे पक्कं. पण प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकापुढं मांडलीच पाहिजे असंही नाही.

हे मी मुलाखतीला असं लावतो. आपण होऊन जात सांगायची गरज नाही, ती कामाची गोष्ट नाही. पण विचारलं तर लपवायचं नाही आणि आडनाव बदलून सांगायचं नाही. आई घरकाम करते तर म्हणा, आई घरकाम करते, तिनं आम्हाला शिकवलं, घरातला पहिला पदवीधर मी आहे. आणि तिथं न थांबता लगेच पुढे, या जागेला हिशेबाचं काम आहे, मी ते असं असं केलेलं आहे. आईचं नाव घेताना आवाज खाली जाऊ देऊ नका. कुणी खोचकपणे विचारलं, कॉलेजात कोट्यातून आलात का? सुखदेव थोरात यांच्या अभ्यासाच्या बरोबरीनंच अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीच्या विद्यापीठांतल्या मुलांशी बोलून नोंदवलंय, असले प्रश्न येतात म्हणून. तर शांतपणे सांगा, प्रवेश राखीव जागेवर झाला, पेपर सगळ्यांना एकच होता, माझे गुण समोर आहेत. चिडायचं नाही. भांडण करायचं तर बाहेर येऊन, संघटनेमार्फत, कागदावर करू. ते आमचं काम, आमची पिढी अजून आहे.

ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं बघू. पूर्ण पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, आणि मीही जोर केला नाही. ज्याच्या घरात चूल पगारावर पेटते त्याला बाहेरच्यानं किती सांगावं.

माझ्या मुलाचं पुढं काय झालं ते विचाराल. त्यानंतर मी त्याला घेऊन बसलो आणि साचा कसा चालतो ते कागदावर काढून दाखवलं. त्याला मजा वाटली. पुढच्या मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न आला. तो म्हणाला, वडील गिरणी कामगार आहेत, साच्यावर काम केलं. त्या बाई म्हणाल्या, अच्छा, आणि पुढचा प्रश्न विचारला. बस्स, एवढंच झालं! जिथं आभाळ कोसळेल असं त्याला वाटत होतं तिथं अच्छा एवढाच शब्द आला. ती नोकरी मात्र मिळाली नाही. त्यानंतरच्याही दोन नाही मिळाल्या. चौथ्या ठिकाणी मिळाली, पगार अपेक्षेपेक्षा कमी आहे, गाडीनं दीड तास जावं लागतं. जातोय.

आता वर्गाचं सांगून थांबतो. दर रविवारी वंदना झाल्यावर दहा वाजता वरच्या खोलीत. येताना एक कोरी वही, आपल्या अर्जाची प्रत आणि आपण केलेल्या एका कामाची गोष्ट अर्ध्या पानात लिहून आणायची. समोर टेबल मांडून तीन जण प्रश्न विचारतात, बाकीचे बघतात. पहिल्यांदा सगळ्यांचे पाय लटपटतात, हसायचं नाही. हल्ली मुलाखती फोनवर, कॅमेऱ्यासमोर होतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत कुकरची शिट्टी, टीव्ही, भावंडं, सगळं त्यात ऐकू जातं. म्हणून कार्यकारिणीनं ठरवलंय की ज्याची अशी मुलाखत असेल त्यानं आदल्या दिवशी सांगितलं तर वाचनालयाची खोली त्याला तेवढा वेळ मोकळी करून देऊ, किल्ली माझ्याकडे असते. पंखा आवाज करतो, तो बंद ठेवावा लागेल. आणि ज्यांना नोकरी लागली आहे त्यांनी महिन्यातून एक रविवार तरी येऊन टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसावं, अशी विनंती आहे. बँकवाले बांधव एकटे किती जणांना पुरणार?

जयभीम. नमो बुद्धाय.